उपरण्याखालचा हात

अवसरी बुद्रुक,
१७ फेब्रुवारी २००३

सयाजीदादा,

नमस्कार. हे पत्र आधी कच्चं लिहून मग पक्कं केलं आहे, तरी काही कमीजास्त झालं तर माफ कर. घरी सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, पण तसं लिहिलं तर पुढचं लिहिता येणार नाही.

गेल्या सोमवारी पुण्याच्या पेपरात तुझा फोटो आला. डोळ्यांवर काळा चष्मा, पुढ्यात रंगीत चकत्यांचे ढीग, आणि खाली छापलेलं, ‘आंबेगावचा सयाजी भोर व्हिएन्नात पोकरचा विजेता’. मी मोहनलालशेठच्या बियाण्याच्या दुकानात पुड्या बांधत होतो. शेठचा जिनेश पेपर नाचवतच आला. "चांग्या, हा तुझा मामेभाऊच ना रे? तू तर म्हणायचास, लंडनला हॉटेलात भात शिजवतो." मी पुड्या बांधत राहिलो. आम्ही सगळ्यांना तेच सांगत होतो, कारण तू आम्हाला तेच कळवत होतास.

मामांना त्याच दिवशी बेल्ह्याच्या बैलबाजारात कळलं. कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं. घरी येऊन ते ओट्यावर बसले. पायातली वहाणही काढली नाही. मामी म्हणाली, "अवो, पोरगं जिंकलंय. हारून तर न्हाई ना आलं?"

मामा म्हणाले, "जिंकला काय न् हारला काय. दलालाच्या उपरण्याखाली माणूस हात देतो तो कशाच्या भरवशावर? जुगाऱ्याच्या बापाला कोण हात देईल? पत्ते सुटंस्तवर त्यानं या दारात यायचं न्हाई. आन् कुणी त्याला कागद धाडायचा न्हाई."

तरी मी लिहितो आहे. मामीला सांगून लिहितो आहे. उत्तर घरी पाठवू नकोस, दुकानाच्या पत्त्यावर पाठव. फोन तर करूच नकोस. शेठच्या दुकानातल्या फोनवर बोललं की अख्ख्या मंचरला ऐकू जातं. एवढंच विचारतो, ते खरं आहे का?

तुझा,
चांगदेव

•

लंडन,
९ एप्रिल २००३

चांगदेव,

खरं आहे.

बोटीवर बटाटे सोलायला लागलो तेही खरं, आणि इथं हॉटेलात भात शिजवला तेही खरं. हॉटेलच्या तळघरात मालक आणि त्याचे दोस्त दुपारच्या सुट्टीत पत्ते खेळायचे. एकदा एक गडी कमी पडला म्हणून मला बसवलं. पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीचा थोरला भाऊ समज. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते, मध्ये पाच उघडे. पण पत्ते निम्मेच. उरलेला निम्मा खेळ समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्याचा, आणि आपल्या मनातलं त्याला ओळखू न देण्याचा.

हे मी कुठं शिकलो ते तुला सांगायला पाहिजे का? लहानपणी दर सोमवारी आप्पांच्या मागं बेल्ह्याला जायचो. एका बाजूला बैल विकणारा, दुसऱ्या बाजूला घेणारा, मध्ये आप्पा. आप्पा एकाचा हात उपरण्याखाली घ्यायचे. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. शेकडे की हजार ते बैल बघून समजायचं. वर सगळा बाजार गोळा झालेला, पण भाव तिथल्या दोन हातांनाच ठाऊक. आणि आप्पांचा चेहरा! तोंडावरची माशीसुद्धा उडवायचे नाहीत. मी एकदा विचारलं, समोरच्याचं खरं कसं ओळखता? म्हणाले, "त्वांड बघू नगं. त्वांड समद्यांनाच सांभाळता येतं. हात बघ."

पहिलं वर्षभर मी नुसता हरलो, कारण तोंडं बघत बसलो. मग आप्पांचं आठवलं. आता पाच वर्षं झाली, मी दुसरं काही काम करत नाही. इथं हा जुगार मानत नाहीत असं खोटं सांगणार नाही, काहीजण मानतात. पण मी कुणाला फसवत नाही. मी आप्पांचाच धंदा करतो चांगदेव, फक्त बैल नाहीत.

मला यायचंय. गेली तीन वर्षं मनात आहे. पण आप्पांनी दार लावलं असेल तर ते ढकलून आत येणारा मी नव्हे. तू एक कर. त्यांच्याकडे बघ आणि मला लिही. तुला काय वाटलं ते नको, काय दिसलं ते लिही. राग उतरला की मला तुझ्या कागदावरून कळेल.

सयाजी

•

अवसरी बुद्रुक,
५ नोव्हेंबर २००३

सयाजीदादा,

नमस्कार. तू म्हणालास तसं, दिसलं ते लिहितो. चांगलं दिसलं नाही म्हणून इतके दिवस लिहायचं टाळत होतो.

दिवाळी झाली. मामा ओवाळून घ्यायला पाटावर बसले, पण मामी ओवाळत असताना एकदाही हसले नाहीत. वसुबारसेला आपली तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तू ओळखतोस, मामा असल्या वेळी अख्ख्या आळीला खरवस वाटत फिरतात. ह्या वेळी गोठ्यात गेले, कालवडीकडे बघत उभे राहिले, आणि परत आले. चेहऱ्यावर काही नाही. मी म्हणालो, "मामा, कालवड झाली." म्हणाले, "दिसतंया."

बोलणं कमी झालं आहे आणि आवाजही खाली गेला आहे. मामीला "काय म्हणालात?" असं सारखं विचारावं लागतं, मग ते पुन्हा सांगतच नाहीत. जेवायला आमच्याकडे पाठ करून बसतात. चहा बशीत ओतून प्यायचे, ते सोडलं. आता पेला लागतो, तोही डाव्या हातात. उजवा हात कायम उपरण्याच्या घोळात.

बाजारात एक सोमवार जातात, दोन सोमवार जात नाहीत. विचारलं तर म्हणतात, "तिथं माझं काय काम?" मामी म्हणते, लोक तुझ्यावरून बोलत असतील. गावात गेणभाऊ न्हाव्यानं मला तोंडावर विचारलं, "काय राव, तुमचा बादशहा कधी येतोय?" मी दाढी अर्धी ठेवून उठून आलो. नंतर उरलेली घरी केली.

तुला राग यावा म्हणून हे लिहिलं नाही. पण राग उतरला आहे असं मला कुठंही दिसलं नाही.

तुझा,
चांगदेव

•

बार्सिलोना,
२२ जानेवारी २००४

चांगदेव,

पत्र मिळालं. वाचलं. तू नीट लिहिलंस.

पाठ करून जेवणारा माणूस काय सांगतोय, ते कळायला मी इतक्या लांब शिकायला यायची गरज नव्हती. मार्चचं तिकीट काढलं होतं, ते रद्द केलं. आईला सांग, काम निघालं.

इथं समुद्र आहे, पण मला तो खिडकीतूनच दिसतो. दिवसभर टेबलाशी, मग हॉटेलची खोली. खोल्या सगळ्या गावांत सारख्याच. सकाळी जाग आली की आधी टेबलावरचा कागद वाचून बघतो, आपण कुठल्या गावात आहोत. गेल्या महिन्यात तीन स्पर्धांत पहिल्याच दिवशी बाहेर पडलो. खेळणारे मला 'शेतकरी' म्हणतात. प्रेमानं म्हणतात, पण शेतकऱ्याला संध्याकाळी जायला घर असतं.

तू लिहीत राहा. चांगलं नसलं तरी लिही. आपल्या भाषेतलं दुसरं काही माझ्याकडे नाही. तुझी पत्रं मी बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवतो.

सयाजी

•

अवसरी बुद्रुक,
२० ऑगस्ट २००५

सयाजीदादा,

नमस्कार. तुझी मधली दोन्ही पत्रं मिळाली. मामीला वाचून दाखवली. लेण्याद्रीच्या गणपतीला तिनं बोलून ठेवलं आहे, पण काय ते सांगत नाही.

आता जे लिहितो ते लिहू की नको असा आठ दिवस विचार केला. मामांनी बाजार सोडला. अगदीच सोडला. सौद्याचं ते तांबड्या काठाचं उपरणं धुऊन, घडी घालून फळीवर ठेवलं आणि मामीला म्हणाले, "ह्ये आता कुणाला लागलं तर दे." त्या दिवशी मामी चुलीपुढं बसून राहिली होती.

पारनेरचे सावळेराम पावणं घरी आले होते. तीस वर्षं मामांच्या हातून बैल घेतात. म्हणाले, "कुशाबा, मला खिल्लारी जोडी घ्यायचीय. तुझ्याबिगर मी कुणाला हात दिला न्हाई." मामांनी हात पुढं केलाच नाही. "दुसरा बघा" म्हणाले आणि आत निघून गेले. पावणं चहा न घेता गेलं. गावात आता सगळे म्हणतात, पोराच्या पायी कुशाबानं धंदा सोडला. मीही तेच समजतो, खोटं कशाला लिहू.

आणखी दिसलं ते असं. चालताना उजवा हात अंगाला चिकटवून ठेवतात, कुणाला तो द्यायचाच नाही असा. डावा हलतो, उजवा हलत नाही. परवा मामीनं हातात पेला दिला तर चहा सांडला. मामी नुसतं "भाजलं का?" म्हणाली, तर पेला भिंतीवर मारला. आयुष्यात कधी त्यांनी असं केलेलं मी पाहिलं नव्हतं. चेहरा तसाच, दगडासारखा. मामी म्हणते, "आतून जळत्यात रं, पर बोलत न्हाईत."

दादा, एकदाच विचारतो. पत्ते सोडले तर नाही का चालणार? तू शिजवलेला भात अजून कुणीतरी खाईल.

तुझा,
चांगदेव

•

डब्लिन,
३० ऑक्टोबर २००५

चांगदेव,

आधी हे वाच, मग बाकीचं. आप्पा माझ्यावर रागावलेले नाहीत. निदान आता नाहीत. आप्पा आजारी आहेत.

मला कसं कळलं ते सांगतो. इथं आयर्लंडात वर्षाची मोठी स्पर्धा होती. शेवटी दोघं उरलो, मी आणि डोनल नावाचा म्हातारा. आयुष्यभर गुरांची दलाली केलेला. इथं भाव ठरला की एकमेकांच्या तळहातावर टाळी देतात. तेवढं सोडलं तर बेल्ह्यात आणि इथं काही फरक नाही. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला होता. चेहरा बघितला तर आप्पाच.

मोठ्या डावात त्यानं सगळ्या चकत्या पुढं सारल्या आणि टेबलावर टेकलेला त्याचा हात थरथरला. हात थरथरणं म्हणजे पत्ते जबरदस्त आलेत, हे आमच्यात पोरंसोरंही ओळखतात. मी माझे चांगले पत्ते टाकून दिले. त्यानं आपले उलटून दाखवले. काही नव्हतं. सगळे हसले. तोही हसला असावा, पण चेहरा हलला नाही. म्हणाला, "पोरा, तू माझे पत्ते नाही वाचलेस, माझं दुखणं वाचलंस."

मग चहाच्या सुट्टीत सगळं सांगितलं. कंपवात. सुरुवातीला हात नव्हता थरथरत. आधी हसू गेलं. बायकोला वाटलं, हा आपल्यावर रागावलाय. वर्षभर ती बिचारी आपलं काय चुकलं ते शोधत होती. मग आवाज बारीक झाला. मग चालताना एक हात अंगाला चिकटला. मग त्यानं बाजार सोडला, कारण टाळी द्यायला हात पुढं केला की लोकांना दिसायचं.

चांगदेव, मी तिथं कप हातात धरून बसलो होतो आणि तुझी पत्रं मला शब्दन् शब्द आठवत होती. कालवड झाली तरी चेहऱ्यावर काही नाही. डाव्या हातात पेला. पाठ करून जेवणं. सावळेराम पावण्यांना हात न देणं. उपरण्याखाली थरथरता हात कसा देणार? बोट धरायला गेले आणि दुसरं लागलं, तर तीस वर्षांचा भरवसा एका सौद्यात जाईल. तू सगळं बरोबर लिहिलं होतंस. मला राग वाचायचा होता, म्हणून मी राग वाचला. आप्पांचा चेहरा कधीच बोलला नाही, म्हणून तो गप्प झाल्याचं कुणाला कळलंच नाही.

नंतर मी जिंकलो. पेपरात येईल, आणू नकोस घरी.

आप्पांना काही बोलू नकोस. ते लपवतायत ते त्यांना माझ्यापुढं उघडं करू दे. मी पत्ते सोडलेले नाहीत आणि सोडले असं सांगून येणारही नाही. दार लावलेलं असलं तर ओट्यावर बसेन. जानेवारीत येतो.

सयाजी

•

अवसरी बुद्रुक,
४ मार्च २००६

सयाजीदादा,

नमस्कार. तू सुखरूप पोचल्याचं कळलं. गोळ्या मी वेळेवर देतो. पुण्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद फडताळाच्या दाराला आतून चिकटवला आहे. सकाळी मामांचा आवाज आता ओट्यापर्यंत येतो. काल त्यांनी गेणभाऊला हाक मारली, ती त्याला पहिल्या हाकेत ऐकू गेली.

तू तिथं होतास, तरी काही गोष्टी तुझ्या पाठीमागे होत्या, त्या लिहितो. तू आलास त्या सकाळी ओट्यावर बॅग ठेवून बसलास आणि आत येईनास, तेव्हा मामा आत खाटेवर होते. मामी म्हणाली, "पोरगं भाईर बसलंय." मामा म्हणाले, "मंग मी काय करू? उठून जाऊ तर पाय उचलंना." मामीनं तोंडाला पदर लावला. तोवर आम्हाला वाटत होतं, ते मुद्दाम उठत नाहीत. मग मामीच तुझ्या हाताला धरून तुला आत घेऊन आली.

बेल्ह्याचा तो सोमवार मी विसरणार नाही. मामा यायलाच तयार नव्हते. तू फळीवरचं उपरणं काढून आपल्या खांद्यावर टाकलंस, तेव्हा मला भीती वाटली होती. बाजारात सावळेराम पावणं होतेच. तू उपरणं पसरून हात पुढं केलास. कुणीतरी मागून म्हणालं, "ह्यो तर पत्तेवाला." मी मामांकडे बघितलं. ते बैलगाडीच्या चाकाला टेकून उभे होते. त्यांना ज्याची धास्ती होती तेच समोर चाललं होतं.

सावळेराम पावण्यांनी त्या माणसाकडे बघितलंसुद्धा नाही. हात उपरण्याखाली घातला आणि म्हणाले, "कुशाबाचा हात हाय ह्यो. बोटं वळखतो मी." मामा तिथूनच म्हणाले, "सयाजी, पावण्यांचा पाय बघ, मागं सरला, निघायचं सोंग हाय. अजून येक मागून बघ." सगळा बाजार हसला. पावणं म्हणाले, "आरं, दोघंदोघं लागला व्हय मला लुटायला?" त्या रात्री मामी म्हणाली, लेण्याद्रीला पायऱ्या चढून जायचंच आता. म्हणून तुम्ही दोघं मायलेक गेलात.

घरी आल्यावर मामा मला म्हणाले, "सावळेरामानं हात दिला. मंग मी कोण न्हाई देणारा?" हे त्यांनी तुला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो.

आता विचारायचं राहिलं ते. तू निघालास त्या सकाळी दारात जीप भोंगा वाजवत होती. मामांनी तुला खाटेवर बसवलं, दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं, आणि एवढंच म्हणाले, "किती येळा?" मग किती वेळ तुम्ही दोघं बसून होतात. दोघांचे चेहरे सारखे. मामी दूध घेऊन उभी, मी बॅग घेऊन उभा, आणि कुणाला काही कळत नव्हतं. उपरण्याखाली काय ठरलं? मामांना विचारलं तर म्हणाले, "सौदा माझा न् त्याचा. तू जीपवाल्याला थांबीव."

तुझा,
चांगदेव

•

लंडन,
२ एप्रिल २००६

चांगदेव,

तुला सांगतो, कारण तू सांगितलं नसतंस तर मला काहीच दिसलं नसतं.

भाव होता वर्षातून किती वेळा घरी यायचं याचा. मी आप्पांचं एक बोट धरलं. दर वर्षी एकदा, मला वाटलं पुष्कळ झालं. त्यांनी माझा हात झटकला, घेणारा कमी बोलला की झटकतात तसा. मग त्यांनी माझी बोटं धरली. दोन. ती नीट कळली, घट्ट होती. तिसऱ्याला त्यांचं बोट लागत होतं आणि सुटत होतं, लागत होतं आणि सुटत होतं.

आता मला सांग, ते तिसरं बोट मागितलेलं होतं की आजाराचं? डॉक्टर म्हणाले होते, काही धरलं की कंप कमी होतो. म्हणजे मागितलेलं असेल. पण गोळीची वेळ टळून गेली होती. म्हणजे नसेलही. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिथं काय दिसणार होतं! इतक्या देशांतल्या इतक्या माणसांचे हात मी ओळखले, लोक मला त्याचं बक्षीस देतात, आणि माझ्या बापाच्या हातात किती बोटं आहेत ते मला सांगता येईना.

मग मी पुढं होऊन माझं तिसरं बोट स्वतःच त्यांच्या मुठीत सारलं आणि दाबलं. सौदा झाला.

भाव ठरला की दलाल हात सोडतो, तू बघितलंयस. आप्पांनी सोडला नाही. जीप भोंगा वाजवत होती ना, तेव्हा सौदा कधीच संपलेला होता.

गौरीगणपतीला येतो, मग दिवाळीला, मग बेल्ह्याच्या बाजाराला माघात. त्या वेळच्या स्पर्धांना येत नाही म्हणून सांगून टाकलंय.

आणि एक. आप्पांनी खरं दोन बोटं मागितली होती की तीन, हे त्यांना कधी विचारू नकोस. उपरण्याखालचा भाव फोडायचा नसतो.

सयाजी